नऊ नंबरचा शेजार

काकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक लाकडी फळी होती, फळीला खिळे होते, आणि एकेका खिळ्याला एकेका घराची किल्ली. म्हणून अख्खं गाव त्यांना किल्लीकाकू म्हणायचं. काकूंना त्याचा राग नव्हता, उलट जरा भावच खायच्या. लोकांकडे आपापल्या घराची किल्ली असते, माझ्याकडे गावाची आहे, असं नवऱ्याला ऐकवायच्या. नवरा म्हणजे काका. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी बेजार, पण जिभेनं अजून तरणेबांड. ते म्हणायचे, किल्ली आहे खरी, पण कुलूप उघडल्यावर आत भेटतं कोण?

थट्टा असली तरी काका खोटं बोलत नव्हते. शहराला जाणाऱ्या गाडीच्या रुळावरचं हे गाव. पहाटेच्या गाडीनं रिकामं व्हायचं आणि दिवेलागणीच्या गाडीनं पुन्हा भरायचं. शहरात परवडत नाही म्हणून माणसं इकडे राहायला आली, ती आली म्हणून इकडचे भाव चढले, आणि भाव चढले म्हणून इकडची माणसं दोन स्टेशनं पलीकडे गेली. न्हावी गेला, शिंपी गेला, सायकली दुरुस्त करणारा गेला. आता केस कापायचे तरी शहरात जा. दुधवाल्यानं गोठा विकला, तर घेणाऱ्यानं तिथं मोठी काचेची खिडकी बसवली आणि वर्षाच्या आत जी किंमत सांगून तो विकला, ती ऐकून दुधवाला आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. इतक्या महागड्या जागेत आपण शेण टाकतोय हे बिचाऱ्या म्हशींना तरी कुठं ठाऊक होतं! गावात चार माणसं भेटली की पूर्वी पोराबाळांची चौकशी व्हायची. आता एकच विषय, अमक्याचं घर कितीला गेलं. आणि मग सगळेच गप्प, कारण विकलं तरी जायचं कुठं हे कुणालाच माहीत नाही.

जुन्या खाणीच्या उतारावर बारा घरांची एक रांग उभी राहिली, तेव्हा काकूंच्या फळीवर खिळे कमी पडले. काकूंच्या मागच्या अंगणातून ती गल्ली समोर दिसायची. मधे फक्त एक पडीक रान. घरं दिसायला छान, दारात दोन पायऱ्या, मागं ओटा, वर गच्ची. पहिली सात-आठ घरं बघता बघता खपली. पण घेणारे कोण? काही लोक पैसे बँकेत ठेवतात, हे घरात ठेवणारे. भाव वाढला की विकायचं, तोवर कुलूप. ते गाडीतून यायचे, दारात उभं राहून फोटो काढायचे, काकूंच्या हातात किल्ली द्यायचे. काकू, अधूनमधून उघडत जा, बंद घराला वास येतो. आणि गेले, ते गेलेच.

उरलेली घरं मात्र अडकली. नोकरी करणारी माणसं घर बघायला येणार ती कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी. येऊन बघतात तर सगळी रांग काळोखात. नवरा-बायको गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे, एकमेकांकडे बघायचे आणि परतीची गाडी कधी आहे म्हणून विचारायचे. भाव थांबला, मग खाली यायला लागला. कुलूप लावून बसलेल्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दलालाला फोनवर फोन करून भंडावून सोडलं.

हा दलाल म्हणजे अंगाला तेल लावल्यासारखा गुळगुळीत माणूस. गावात त्याला सगळे मधाळ म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तो हसायचा. तो काकूंकडे आला, ओट्यावर बसला, काकांच्या गुडघ्यांची विचारपूस केली आणि मग मुद्द्यावर आला. किल्ल्या तुमच्याकडे आहेतच, संध्याकाळी तेवढे दिवे लावत जा. महिन्याला अमुक इतके देईन. मात्र याची वाच्यता कुठं नको.

काकूंनी विचारलं, हे फसवणं नाही का?

"काकू, तोंडानं एक शब्द खोटा बोलायचा नाही," मधाळ म्हणाला. "फक्त दिवा लावायचा. घरात दिवा लावणं हे काय पाप आहे?"

 खरं सांगायचं तर काकूंना पैसे हवे होते, गुडघ्यांचे डॉक्टर काही फुकट तपासत नव्हते. त्यांनी होकार दिला.

आणि एकदा काम अंगावर घेतल्यावर काकू ते थातुरमातुर करतील होय? पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की सगळे दिवे एकदम लागले तर ते लग्नाचं कार्यालय वाटतं, घर वाटत नाही. मग एका घरात आधी स्वयंपाकघर, दुसऱ्यात बाहेरची खोली, तिसऱ्यात वरची. जेवून झालं की पुन्हा एक फेरी, कुणी लवकर निजणारं, कुणी उशिरा, तसे दिवे मालवत यायच्या. मग दोऱ्यांवर कपडे आले. काकांचे जुने सदरे, बाजारातून आणलेली लहान मुलांची झबली, एक मोठ्ठा पायजमा. दारात चपला आल्या. चार नंबरमध्ये रेडिओ आला. मधाळ तर इतका खूश झाला की त्यानं कुठून तरी एक भंगारातली गाडी ओढून आणली, पाच नंबरच्या दारात उभी केली आणि तिच्यावर नवंकोरं आच्छादन घातलं. आत इंजिन नव्हतं, पण आच्छादनावरून कोण बघायला जातंय?

काकूंना यात गोडी लागली, हे मात्र सांगायलाच हवं. मनातल्या मनात त्यांनी एकेका घराला माणसं दिली. चार नंबरमध्ये एक ठसक्यातली बाई, गाण्यांची शौकीन, कामाची आळशी. पाचमध्ये गाडीला जपणारा, बायकोला न जपणारा एक गृहस्थ. सातमध्ये जुळी पोरं. घरी आल्या की काकांना खबरी द्यायच्या. आज चारवाल्या बाईंनी कपडे आतच घेतले नाहीत, असल्या आळशी. काका पोट धरून हसायचे. म्हातारपणी दोघांना करमणूक झाली.

एकदा मात्र अंगावर काटा आला. काकू सहा नंबरमध्ये केर काढत होत्या. भिंतीपलीकडून कुठून तरी गाणं ऐकू येत होतं. काकूंच्या मनात आलं, चारवाल्या बाईंनी रेडिओ फारच मोठा केलाय, जाऊन सांगावं. त्या केरसुणी ठेवून खरोखर निघाल्या, पायरी उतरल्या आणि मग थबकल्या. रेडिओ तासाभरापूर्वी त्यांनीच लावला होता. त्या हसल्या. त्या दिवशी त्यांनी ही खबर काकांना सांगितली नाही.

गल्ली उजळली तशी घरंही खपायला लागली. भाव थांबला होता तो हलला, हलला तो पळत सुटला. कुणी राहायला येईना ते येईनाच, कारण घेणारे पुन्हा तेच, कुलूपवाले. मधाळ एक दिवस नाचतच आला. नऊ नंबर गेलं, काकू. आणि यावेळी राहायला येणारी माणसं आहेत बरं का. दोन-तीन संध्याकाळी येऊन लांबून बघून गेली म्हणे. ती बाई म्हणाली, आम्हाला घर नको, शेजार हवाय, आणि इथं तो दिसतोय. सगळी तुमची करामत.

काकूंनी सहज विचारलं, कुठली माणसं?

मधाळनं आडनाव सांगितलं. ते काकूंच्या जावयाचं होतं.

 लेक शहरात दोन खोल्यांत राहायची. घरमालक दरवर्षी भाडं वाढवायचा, वर पाण्यासाठी टोमणे. आईबापाजवळ राहायचं हे तिचं कधीपासूनचं चाललेलं. पण आईला चकित करायचं म्हणून तिनं हे सगळं चोरून केलं होतं. जावयानं भावाला वडिलोपार्जित घरातला आपला वाटा विकून विसार दिला होता, उरलेल्याचं कर्ज, वीस वर्षांचं. लेकीच्या डोळ्यात ती दिव्यांची गल्ली भरली होती, आणि ते दिवे लावणारे हात तिच्या आईचे होते.

काकू तशाच मधाळच्या कचेरीत गेल्या. विसार परत द्या म्हणाल्या. मधाळनं पाणी दिलं, खुर्ची दिली, पैसे सोडून सगळं दिलं. विसार कागदाप्रमाणे परत मिळत नाही म्हणाला. मग जरा पुढं वाकून त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला लेकीला सांगायचंय ना? सांगा की. पण आज सांगितलंत तर उद्या गावभर होईल, आणि परवा त्या घराची किंमत काय राहील, तेही तिला सांगा. कर्ज तर तेवढंच राहणार." वर सुनावलं की, वर्षभरात निम्मी घरं भरतील, तेव्हा शेजार होईलच, थोडं पुढं-मागं एवढंच.

काकू घरी आल्या. काका म्हणाले, आत्ताच्या आत्ता सांगून मोकळी हो. काकू म्हणाल्या, सांगते, आधी घर लागू दे. काकांनी पुन्हा म्हटलं, तेव्हा काकू खेकसल्या, तुम्हाला काय जातंय बोलायला! माणूस मनातून घाबरला की असाच दुसऱ्यावर ओरडतो.

लेक-जावई राहायला आले. लेकीच्या आनंदाला पारावार नव्हता. दोघं पहाटेच्या गाडीनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. गल्लीच्या तोंडाशी आलं की सगळीकडे दिवे, रेडिओचे सूर. आई, इथं आलं की जीव भांड्यात पडतो, असं ती म्हणायची. शेजारी दिसत नाहीत याचं तिला पहिले काही महिने आश्चर्यही वाटलं नाही, कारण गावच तसं. कुणी आपल्या आधीच्या गाडीनं जात असेल, कुणी नंतरच्या. सुट्टीच्या दिवशी? काकू सांगायच्या, सुट्टीला सगळे आपापल्या आईवडलांकडे जातात. एकदा लेक पाच नंबरच्या गृहस्थांना गाडीबद्दल विचारायला गेली. दार कुणी उघडलं नाही. काकू म्हणाल्या, तो माणूस जरा माणूसघाणा आहे. चार नंबरनंही उघडलं नाही, आत गाणी चालू असून. काकू म्हणाल्या, त्या बाईंना कमी ऐकू येतं.

"कमी ऐकू येतं आणि रेडिओ?" लेकीनं विचारलं.

"म्हणूनच मोठा लावते ना," काकू म्हणाल्या. हे आधीपासून पाठ असल्यासारखं चटकन जिभेवर आलं.

वर्ष उलटलं. निम्मी घरं भरली नाहीत, नऊ नंबर सोडून एकही भरलं नाही. बारावं घर विकलं गेलं तशी मधाळनं काकूंचे पैसे बंद केले. त्याचं काम झालं होतं, तो आता पुढच्या स्टेशनावरच्या उतारावर कामाला लागला होता. काकू मात्र संध्याकाळ झाली की किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून निघायच्या. काका म्हणाले, आता कुणाला विकायचंय? काकू चपला घालता घालता थांबल्या. मग लेकीला अंधारात राहू देऊ का, म्हणाल्या. स्वतःच्या पैशानं त्यांनी दिवे बदलले, रेडिओ दुरुस्त करून आणला. आधी पैशासाठी केलं ते आता मायेनं करत होत्या, त्यामुळे सोडवणार तरी कसं?

हे असंच चालून गेलं असतं. जगात याहून मोठी ढोंगं वर्षानुवर्षं चालतात. पण त्या दिवशी जावयाचं डोकं दुखत होतं म्हणून तो कामावर गेला नाही, आणि लेकही अर्धी रजा टाकून दुपारी परतली. आभाळ भरून आलं होतं, म्हणून काकूंनी दिवे जरा लवकरच लावले. मागच्या बाजूनं, ओट्याओट्यानं, नेहमीसारखे. नऊ नंबरच्या ओट्यावर दोघांच्या चपला दिसल्या. काकूंच्या मनात आलं, डोकवावं. मग वाटलं, कधी नव्हे ती दोघं घरी आहेत, पडू दे निवांत. त्या परत आल्या आणि मागच्या अंगणात भाजी निवडत बसल्या. शेजारी काका. समोर रानापलीकडं गल्ली झगमगत होती.

थोड्या वेळानं तिकडून दार बडवल्याचा आवाज आला. धप धप धप. काकांनी मान वळवली. कसली ठोकाठोक चाललीय, म्हणाले.

"पाचवाल्यांकडे असेल," काकू भाजीवरून नजर न काढता म्हणाल्या. "फळ्या बसवून घेणार होते ते."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हसायला लागले. गाडी आहे, आता फळ्याही आल्या का, म्हणाले. काकूंनाही हसू आलं. किती सहज म्हणून गेलो आपण! त्या हसत होत्या, तोवर आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण दुसरीकडून, जरा वरच्या अंगानं. मग तिसरीकडून. आणि मग त्या आवाजात एका बाईचा आवाज मिसळला.

काकू उठल्या तेव्हा मांडीवरची भाजी सगळी अंगणात सांडली. रानातून त्या कशा धावल्या ते त्यांना कधीच आठवलं नाही.

लेक सात नंबरच्या दारात होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, दोन्ही तळहात लाल. दार उघडा, माझा नवरा पडलाय, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आत दिवा होता. चार नंबरमधून गाणं येत होतं. काकूंनी तिला ओढलं, काकांना हाक मारली, काकांनी फोन करून स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्याला बोलावलं. काकांच्या ओळखीचा तो, एका फोनवर यायचा. तो लगेच आला. जावई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवा होता, तोंड एका बाजूला वाकलेलं. लेकीनं दवाखान्याच्या गाडीलाही फोन केला होता, ती मात्र हे सगळे टॅक्सीतून निघाले तरी आली नव्हती.

जीव वाचला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं कुणाला दोष दिला नाही. फक्त म्हणाली की या आजारात सुरुवातीचा वेळ फार मोलाचा असतो, जरा आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता. म्हणाली आणि पुढच्या रोग्याकडे गेली.

लेक बाकावर बसली होती.  मग बोलायला लागली ती थांबेना. कसली माणसं ही, आई? दगडाची आहेत का? सगळे घरात होते, दिवे होते, मी गळा फाटेस्तोवर ओरडले. एकानंही दार उघडलं नाही. मी सोडणार नाही, उद्या एकेकाच्या दारात जाऊन विचारणार आहे. तू तर सगळ्यांना ओळखतेस, तुझ्याकडे त्यांच्या किल्ल्या आहेत, तू माझ्याबरोबर चल.

काकूंनी तिचा हात धरला. हात थंडगार होता. आता नाही सांगितलं तर पुन्हा कधीच सांगणार नाही, हे त्यांना कळलं.

"त्या घरांत कुणी नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हतं. दिवे मी लावते."

लेकीला आधी कळलंच नाही. काकूंनी सगळं सांगितलं, मधाळपासून रेडिओपर्यंत. काही लपवलं नाही, अंगणातली फळ्यांची गोष्टसुद्धा नाही. लेक ऐकत होती. तिनं हात काढून घेतला नाही, पण तो हात आता काकूंचा कुणी लागत नव्हता.

"आणि गाडी?" तिनं विचारलं.

"तिला इंजिन नाही."

"पाच नंबरपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले," लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "गाडी होती ना दारात. अंधार असता, तर मी सरळ तुझ्याकडे पळत आले असते."

त्यानंतर कित्येक आठवडे ती आईशी बोलली नाही. जावयाला घरी आणलं, खिडकीपाशी पलंग टाकला. काकू जेवणाचा डबा पायरीवर ठेवायच्या, रिकामा डबा काका घेऊन यायचे. काकूंनी दिवे लावणं बंद केलं. आता गल्ली जशी होती तशी दिसायची, अकरा काळी घरं आणि मधे एक मिणमिणता दिवा. काकू अंगणात बसायच्या नाहीत. त्यांचं जेवण तुटलं. काका थट्टा करायचे विसरून गेले.

लेकीची नोकरी सुटली, कारण नवऱ्याला टाकून जाणार कशी? हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा. घर विकून कुठं तरी दोन खोल्या घ्याव्यात आणि उरेल त्यात औषधपाणी बघावं, असं ठरलं. मधाळ आला, हळहळला, डोळे पुसले. गिऱ्हाइकं आणली. पहिली जोडी गल्लीच्या तोंडावरूनच परतली. दुसरी दारापर्यंत आली, त्या बाईनं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, इथं राहतं कोण?  दुसऱ्या दिवशी मधाळनं नवा भाव सांगितला. त्या भावात कर्जसुद्धा फिटत नव्हतं.

मग एका दुपारी लेक काकूंच्या दारात येऊन उभी राहिली. वाळली होती, केस अस्ताव्यस्त. काकू लगबगीनं उठल्या, बस म्हणाल्या. ती बसली नाही.

रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे, तिनं सांगितलं. अंधारात घर दाखवता येणार नाही.

काकूंना समजलं. त्यांनी मान हलवली. माझं चामडं काढून विक, पण हे मला सांगू नकोस, म्हणाल्या. एकदा केलं, त्याचं फळ माझ्या लेकीच्या घरात पलंगावर पडलंय. दुसऱ्या कुणाच्या लेकीला...

"मग ह्याच्या औषधाचं काय करू ते तू सांग," लेक म्हणाली. "तू सांगशील तसं करते."

 लेकीनं क्षणभर वाट पाहिली, मग आत जाऊन दाराआडच्या फळीवरून किल्ल्या काढून घेतल्या. एकेक करून, खिळ्यावरून. काका बाहेर खुर्चीत बसून होते, त्यांनी मान खाली घातली.

रविवारी ऊन उतरलं तसे गल्लीत दिवे लागले. एकदम, भराभर, सगळ्या घरांत, सगळ्या खोल्यांत. काकूंनी अंगणातून पाहिलं. बघायचं नाही असं ठरवून बसल्या होत्या, तरी पाहिलं. पोरीला काही येत नव्हतं. असे दिवे कुठं माणसांच्या घरात लागतात का? कुणीही ओळखेल. दोऱ्या रिकाम्या, पायऱ्या रिकाम्या. हे गिऱ्हाईकही परत जाणार, मग भाव आणखी पडणार, मग औषध बंद होणार. काकू उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग घरातले धुतलेले सदरे उचलून रान ओलांडून गेल्या. लेक सहा नंबरच्या ओट्यावर उभी होती. काकू तिला म्हणाल्या, "सगळे एकदम नकोत. वरचे मालव." लेकीनं निमूटपणे वरचे मालवले. एवढ्या आठवड्यांत त्या दोघींनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

गिऱ्हाईक लवकर आलं. काकू तेव्हा चार नंबरमध्ये होत्या, रेडिओ लावत होत्या. बाहेर पडायला वेळच उरला नाही. पडद्याच्या फटीतून त्यांना दिसलं, एक तरुण जोडपं. बाईचे दिवस भरत आलेले. ती पाठीला हात लावून गल्लीभर नजर फिरवत होती आणि तिचा चेहरा खुलत चालला होता. हाच खुललेला चेहरा काकूंनी आपल्या लेकीचा पाहिला होता. काकूंच्या मनानं घेतलं, आता बाहेर जायचं. सांगून टाकायचं. घर खपो न खपो, औषध मिळो न मिळो. त्यांनी पडदा सारायला हात वर केला.

"हा सारखा फिरतीवर असतो," ती बाई नऊ नंबरच्या दारातून लेकीला विचारत होती. "वेळेला हाक मारली तर येईल ना कुणी धावून?"

लेकीच्या मागं, उघड्या दारातून, पलंगावरच्या माणसाचा घोगरा, शब्द नसलेला आवाज आला. लेकीनं हात मागं नेऊन दार ओढून घेतलं.

"बघा की," ती म्हणाली. "सगळ्यांकडे दिवे आहेत."

बाईनं समाधानानं मान डोलावली. मग तिची नजर चार नंबरच्या खिडकीकडे गेली. पडद्यावर कुणाची तरी सावली उभी होती, हात वर केलेली. बाई हसली आणि नव्या शेजारणीला करावा तसा तिनं हात हलवला.

काकूंनीही हलवला.